बिनपाण्याचं पीक

बस, त्या टायरवर बस. वर पोतं टाकलंय, बोचणार नाही. तुझ्या चपलेचा पट्टा मुळासकट निघालाय, त्याला वेळ लागणार. घाईत आहेस हे दिसतंय मला, पण एका पायानं जाशील कुठं? तर ऐक. ही समोरची वाट बघ, रस्त्यापासून निघून पिकातून आत गेलेली. समोरून दुसरा माणूस आला तर एकानं मागं फिरावं लागेल एवढीच रुंद. तिची गोष्ट सांगतो तुला. गोष्ट संपेपर्यंत चप्पल होईल. चप्पल आधी झाली तर उठू नकोस, एवढं बघ.

दोन भाऊ. बाप होता तोवर रान एकच होतं, रस्त्यापासून थेट ओढ्यापर्यंत लांबलचक, पागोट्यासारखं. बाप गेला आणि रानाचे दोन तुकडे झाले. धाकट्याला रस्त्याकडचा हवा होता, तो त्यानं घेतला आणि तिथं नवं घर बांधलं. थोरल्याकडं मागचा आला, जुनं घर आणि विहीर धरून. दोघांनाही वाटलं आपणच जिंकलो. मला तेव्हाच वाटलं होतं, दोघं जिंकतात तिथं पुढं मारामारी असते. पण मोच्याला कोण विचारतं?

ठरलं ते तोंडी ठरलं. धाकट्याच्या रानातून थोरल्याची गाडीवाट जाईल. थोरल्याच्या विहिरीचं अर्धं पाणी धाकट्याला येईल. राहिली म्हातारी. तिचीही वाटणी झाली, एक महिना इकडं, एक महिना तिकडं. म्हातारी गाठोडं डोक्यावर घ्यायची आणि महिना भरला की त्याच वाटेनं या टोकाचं त्या टोकाला जायची. अनवाणी. मी म्हणायचो, "आजी, पायात काहीतरी घाल. माझ्या दुकानासमोरून अनवाणी जातेस, माझी अब्रू जाते." ती म्हणायची, "माझ्याच रानात मी चप्पल घालू? पाहुणी आहे का मी?"

मग ते वर्ष आलं. पाऊस अर्ध्यात पाठ फिरवून गेला. धाकट्यानं मिरची लावली होती, थोरल्यानं वांगी. विहिरीनं तळ दाखवायला सुरुवात केली. एका सकाळी धाकटा पाट बघायला गेला, तर पाटात भेगा. तसाच विहिरीवर गेला. थोरला तिथं फळ्या ठोकत बसला होता. विहिरीला झाकण करत होता, कडी-कुलपाचं.

"दादा, दोन पाळ्या सोड. मिरचीला फुलं लागलीत."

"माझ्या वांग्यांनाही लागलीत."

"अर्धं अर्धं ठरलं होतं."

"अर्ध्याचं अर्धं उरलंय," थोरला खिळा दातातून काढत म्हणाला. "ते माझं अर्धं आहे."

धाकटा तिथंच उभा राहून शेवटचा खिळा बसेपर्यंत बघत राहिला. हे मला थोरल्याच्या बायकोनं सांगितलं. ती म्हणाली, "मोचीकाका, भावजी शिव्या देऊन गेले असते तर मला झोप लागली असती."

मिरची वाळली. त्यानं ती उपटली, बांधावर रचली आणि पेटवली. तो ठसका माझ्या दुकानापर्यंत आला, मी दोन दिवस शिंकत होतो. आगीजवळ धाकटा मात्र कोरड्या डोळ्यांनी उभा होता. मग एक दिवस इथं आला. आता तू बसलायस त्याच टायरवर बसला आणि म्हणाला, "काका, बिनपाण्याचं पीक कुठलं?"

"डोक्यावरचे केस," मी म्हणालो.

हसला नाही. त्याला माहीत होतं, फक्त कुणीतरी बोलून दाखवावं असं वाटत होतं. करडई. जमिनीत जेवढी ओल असेल तेवढ्यावर भागवते, मुळी खोल जाते, वरून थेंब मागत नाही. तुला करडई माहीत आहे ना? बी बघ कसं असतं, पांढरं, लहान पोराच्या दुधाच्या दातासारखं. असं वाटतं याच्यातून काय वाईट निघणार?

त्यानं रान नांगरलं आणि रानाबरोबर वाटही नांगरली. बापाच्या बापापासूनची गाडीवाट, दगडासारखी घट्ट झालेली. नांगर घुसेना, तर कुदळीनं फोडली. बायकोला टोपल्यांनी शेणखत आणायला लावलं आणि सगळं त्या वाटेवर ओतलं. माणूस राग गिळतो, राग ओकतो, हे मी बघितलंय. राग खत घालून वाढवणारा हा पहिलाच.

सकाळी थोरला वांग्यांची गाडी घेऊन निघाला. बैल नांगरटीशी येऊन थांबले. समोर धाकटा पेरायची पाभर धरून उभा.

"वाट कुठंय?" थोरल्यानं विचारलं.

"पाणी कुठंय?" धाकट्यानं विचारलं.

झालं. त्यानंतर थेट कापणीपर्यंत दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. गरजही नव्हती म्हणा. सगळं बोलून झालं होतं.

तू म्हणशील, दुसरीकडून जायचं. कुठून? मागं ओढा, त्याचा काठ ताशीव, शेळीही उतरत नाही. एका अंगाला दगडाची खाण, दुसऱ्या अंगाला तारेचं कुंपण, आणि त्या कुंपणवाल्याचं आणि थोरल्याचं त्याच्याही आधीपासून वाकडं. थोरल्याचा स्वभावच तसा. आमच्याकडं त्याला झाकणच म्हणायला लागले नंतर. तर जायचं-यायचं ते यातूनच.

सुरुवातीला करडई जमिनीला चिकटून बसते, अशी पसरून, मऊ, हिरवीगार. कुणी पाय दिला तरी मुकाट पडून राहते. थोरल्याची माणसं तिच्यावरूनच टोपल्या डोक्यावर घेऊन यायची. गाडी बंद झाली होती, म्हणून सगळं डोक्यावर. थोरला, थोरली, त्यांची मोठी मुलगी. येता-जाता थोरली वाटेवरचा कोवळा पाला खुडायची आणि ओच्यात टाकायची. संध्याकाळच्या भाजीची सोय. धाकटीनं तिला एकदा ओच्यासकट धरलं.

"जाऊबाई, ओचा सोडा."

"कशाला?"

"काय नेताय ते बघते."

"पायाखाली आलेलं नेते. पायाखाली तुमचं पीक येतं, त्याला मी काय करू?"

"चोराला लाज असते. तुम्हाला तीही नाही."

थोरलीनं भर रानात ओचा सोडला. सगळा पाला खाली पडला. तिनं तो पायानं सारला आणि म्हणाली, "घे. तुझ्या नवऱ्याला घाल. कोवळा आहे तोवर खाऊ दे. पुढं त्याला गिळवायचा नाही."

बरोबर होतं तिचं. ते झाड मध्येच कधीतरी ठरवतं, आता पुरे झालं. ताठ उभं राहतं. पानांच्या कडांना काटा फुटतो, मग देठाला, मग बोंडाभोवती तर असा वेढा पडतो की मधमाशीही विचार करून बसते. आणि जिथं सगळ्यात जास्त खत होतं तिथली करडई सगळ्यात उंच. वाटेवरची. बाकी रानात कमरेला, वाटेवर छातीला. लांबून कळायचं वाट कुठून जात होती ते. हिरवी भिंतच.

तेव्हा थोरली इथं आली. तिच्या नडग्या बघवत नव्हत्या. मांजरीनं रात्रभर ओरबाडावं तशा. म्हणाली, "मोचीकाका, पायाला काहीतरी करा." मी ट्रकची जुनी ताडपत्री कापली, आतून कापड लावलं, बाजूनं बंद शिवले. गुडघ्यापर्यंत येतील अशा गुंडाळ्या. हातालाही तशाच. चालायला लागली की खरखर आवाज यायचा. धाकटी आपल्या दारातून म्हणायची, "आली बघा पलटण."

पण ताडपत्रीपेक्षा त्यांना एक गोष्ट सापडली होती. दहिवर. पहाटे त्या काट्यांवर दव पडलं की ते ओले होतात, नरम पडतात, हात लावला तर वाकतात. ऊन चढलं, दव उडालं, की पुन्हा सुया. करडई कापणारे म्हणूनच पहाटे कापतात. पण हे लोक नुसतं जायला-यायला पहाट वापरायला लागले. सगळं घर दहिवरावर चालायला लागलं. बाजाराला जायचं तर पहाटे. दळण पहाटे. मुलीला ताप आला, औषध आणायचं, तर पहाटेपर्यंत थांब. आणि एकदा बाहेर आलं की परत जायचं ते दुसऱ्या पहाटेला, नाही तर ऊन उतरल्यावर जिवावर उदार होऊन, वाट चुकवत, एकेक झाड काठीनं बाजूला सारत.

एकदा थोरल्याला बाजारात उशीर झाला. भर दुपारी आला. गुंडाळ्या आणायला विसरला होता. दोन पावलं आत गेला आणि उलट्या पावली परत आला, बोटं चोखत. मग इथं बसला. ऊन उतरेपर्यंत. त्याला इथून स्वतःचं घर दिसत होतं, चुलीचा धूर दिसत होता, बायको दोरीवर कपडे वाळत घालताना दिसत होती. भाकरी तिकडं, पोट इकडं. मी माझ्या डब्यातलं पुढं केलं, तर म्हणाला, "भूक नाही." त्याच्या पोटाचा आवाज माझ्या आरीच्या आवाजापेक्षा मोठा येत होता.

तेवढ्यात धाकटा पलीकडून जाता जाता थांबला. थोरल्याकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, पाहुणे दिसतात. पाणी वगैरे विचारलं का त्यांना?"

थोरल्याच्या हातात माझी हातोडी होती. मी हळूच काढून घेतली.

मग फुलं आली. खोटं कशाला बोलू, असं रूप मी बघितलं नव्हतं. आधी पिवळी, मग तीच फुलं शेंदरी होत जातात, एकाच झाडावर दोन्ही. रस्त्यानं जाणारे गाड्या थांबवून बघायचे. एकजण म्हणाला, "काय सुंदर आहे हो." मी म्हणालो, "लांबून बघा." धाकट्याचा पोरगा रांगत रांगत गेला आणि त्यानं मुठीत धरलं एक फूल. त्याचं रडणं ऐकून मागच्या घरातून म्हातारी बाहेर आली, इतकं जोरात. नातू रडतोय आणि आपल्याला जाता येत नाही. उभी राहिली बांधावर. थोरली सांगत होती, आई किती वेळ उभी होती तिथं, हातात तेलाची वाटी घेऊन.

म्हातारीचंच खरं लचांड झालं होतं. तिचा महिना थोरल्याकडं भरला, आणि नेमकं तेव्हाच काटे पक्के झाले. धाकट्याकडं जायची पाळी. तिनं गाठोडं बांधलं. धाकट्याचं म्हणणं, दादानं आणून सोडावी. थोरल्याचं म्हणणं, त्यानं वाट करून न्यावी. म्हातारीनं विचारलं, "पहाटे मी जाते की. सगळे जातात." तर थोरला म्हणाला, "तू गेलीस तर त्याला वाटेल वाट चालू आहे. तू जायचं नाहीस." गाठोडं सोडलं. पुन्हा एक महिना झाला, पुन्हा बांधलं, पुन्हा सोडलं. म्हातारी थोरलीला म्हणाली, "मला वाटलं वाटणीत मी दोघांची झाले. मी तर कुलपाची झाले गं."

पीक पिकलं. पानं तांबूस झाली, झाडं वाळून वाऱ्यानं खडखड वाजायला लागली. आता चार पहाटा मिळाल्या की कापून मोकळं. धाकट्यानं कापणाऱ्या बायका सांगून ठेवल्या. आणि आभाळ आलं.

तुला वाटेल आभाळ आलं तर काय झालं. अरे, आभाळ आलं की दव पडत नाही. उघड्या आभाळाखाली दव. झाकलेल्या आभाळाखाली सकाळही कोरडी, संध्याकाळही कोरडी. बायका पहाटे आल्या, हाताला चिंध्या गुंडाळून. पुढच्या बाईनं एक झाड धरलं, सोडलं आणि रक्त चोखत म्हणाली, "भाऊ, हे नाही जमायचं. ओलं असतं तर कापलं असतं. या हातांनी आम्हाला घरी गेल्यावर पीठही मळायचंय."

"दुप्पट मजुरी देतो."

"दुप्पट हात आहेत का तुझ्याकडं?"

गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. आभाळ रोज खाली यायला लागलं, गढूळ, फुगलेलं. आणि पिकलेल्या करडईवर पाऊस पडला तर बी काळं पडतं, बोंडातच कोंब धरतं. धाकटा रानाच्या कडेनं येरझाऱ्या घालायचा, वर बघायचा, हात चोळायचा. एकट्यानं कापायला गेला. एक ओळ कापली आणि हात असे सुजले की बायकोनं घास भरवला.

आणि पलीकडं थोरला. दहिवर नाही म्हणजे वाट नाही. वांगी तोडलेली, टोपल्या भरलेल्या, अंगणात ओळीनं मांडलेल्या. ताडपत्रीनं सुया थोड्या थांबतात, पण डोक्यावर टोपली घेऊन छातीएवढ्या काट्यात तोल जातो. मुलगी एकदा पडली त्यात. कपाळापासून हनुवटीपर्यंत रेघा. त्यानंतर थोरलीनं टोपलीला हात लावला नाही. वांगी सुरकुतली, मग मऊ पडली, मग वास सुटला. दोन्ही घरं आपापल्या दारात बसून आपापलं नासताना बघत होती. एकाकडं पाणी होतं, एकाकडं वाट होती. मागायचं फक्त तोंडानं होतं. तेवढं मात्र कुणालाच जमेना.

मी थोरल्याला इथून ओरडून म्हणालो होतो, "अरे, बोल की त्याच्याशी." तो तिकडून ओरडला, "तू चपला शीव."

मग ती दुपार. मी एका बुटाला टाच मारत होतो. वर बघितलं तर करडईच्या भिंतीच्या पार पलीकडच्या टोकाला एक गाठोडं दिसलं. नुसतं गाठोडं, काट्यांवर तरंगतंय असं. म्हटलं हे काय? मग खाली म्हातारी दिसली. डोक्यावर गाठोडं, कमरेवर घागर, आणि उजव्या हातात चिंध्यांचा बोळा. बोळा घागरीत बुडवायची, समोरच्या झाडांवर झाडायची. थांबायची. मग हातानं झाड वाकवायची आणि एक पाऊल टाकायची. पुन्हा बोळा. अनवाणीच.

दव पडत नव्हतं ना? तिनं स्वतःचं दव आणलं होतं.

मी उठलो. धाकटाही आपल्या बांधावर येऊन उभा राहिला, तोंड उघडं. मागच्या बाजूला थोरला धावत आला. ती तोवर निम्म्यावर आली होती. तिथं घागर संपली. तिनं उलटी करून बघितली, हलवली, आणि तशीच उभी राहिली, चारही बाजूंनी काटे.

"आई, मागं फिर," थोरला ओरडला.

"आई, थांब तिथंच," धाकटा ओरडला.

"थांबलेच आहे," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण वारा पडलेला होता, सगळं ऐकू येत होतं. "पाणी संपलंय. पाणी आणा कुणीतरी."

धाकटा घरात पळाला, प्यायच्या पाण्याचा हंडा घेऊन आला. तोंडानं चूळ सोडावी तसं शिंपडत चार हात आत गेला आणि त्याचा हंडा संपला. थोरला तसाच उभा. मी इथून बघत होतो. त्याचा हात कमरेच्या किल्लीवर होता. आई काट्यात उभी आहे आणि हा किल्ली चाचपतोय. थोरलीनं काय केलं ठाऊक आहे? गेली, आणि त्याच्या कमरेची किल्ली तिनं हिसकली. झाकण उघडलं, फवारणीचा पंप भरला आणि आणून नवऱ्याच्या पाठीवर टाकला. म्हणाली, "आता तरी निघा."

थोरला फवारत आईच्या मागोमाग निघाला. पाणी बारीक पडत होतं, धुक्यासारखं, आणि जिथं पडत होतं तिथं काटे मलूल होत होते. धाकट्यानं ते बघितलं. आईकडं बघितलं की काट्यांकडं, ते मी सांगत नाही. पण तो परत फिरला, विळा घेऊन आला आणि कोरड्यातून ओरबाडत आईपर्यंत घुसला. थोरल्यानं जेवढं ओलं केलं होतं तेवढं कापायला लागला.

"ए," थोरला थांबला. "माझ्या पाण्यावर कापतोस?"

"तुझं पाणी माझ्या पिकावर पडतंय. मी काय करू?"

"आईसाठी पडतंय ते."

"मग आईपुरतंच पाड."

"विळा खाली ठेव."

"पंप खाली ठेव."

दोघांच्या मध्ये म्हातारी. त्यांचं चाललं होतं तिच्या डोक्यावरून. तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि त्याच्यावर बसली. भर काट्यात. मला वाटलं चक्कर आली. चक्कर नव्हती.

"भांडा," ती म्हणाली. "मला घाई नाही. मी इथं बसते. याच्या घरी महिना, त्याच्या घरी महिना, त्यापेक्षा इथं बरं. हे दोघांचं आहे." मग थोरल्याकडं बघून, "तू पाणी मार." धाकट्याकडं बघून, "तू काप. आधी ही वाट. मग तुझं रान. पाऊस आला तर मी इथंच भिजेन, उठणार नाही. मला उचलायला आलात तर दोघांनाही बोचेल."

आणि दोघं कामाला लागले. समेट झाला असं समजू नकोस. तोंडं चालूच होती. थोरला ओलं करायचा, धाकटा कापायचा, आणि प्रत्येक झाडागणिक एक शिवी. जुनी उकरून काढलेली. लहानपणी कुणी कुणाचा भोवरा विहिरीत टाकला इथपर्यंत गेले. थोरली घागरी आणायची, धाकटी कापलेली झाडं बेचक्याच्या काठीनं उचलून ढीग घालायची.

"जाऊबाई, जरा बघून ओता, माझ्या अंगावर येतंय."

"बरंय की. तुझेही काटे नरम पडतील."

मीही दुकान बंद करून गेलो. पायाला ताडपत्री बांधून. माझीच गुंडाळी मला लहान पडत होती, त्यावरून धाकटी हसली. त्या दिवसात कुणीतरी हसलं ते तेवढंच.

वाट कापून झाली तेव्हा धाकटा आईसमोर उभा राहिला. ती उठली, गाठोडं उचललं आणि त्याच्या घरी गेली. लंगडत. तिच्या टाचेत काटा मोडला होता, ते तिनं सांगितलं नव्हतं.

पुढं दोन दिवस विहीर उघडी राहिली. अर्धं रान निघालं. मग पाऊस आला, आणि उरलेलं अर्धं काळं पडलं. धाकटा म्हणाला, झाकण आधी उघडलं असतं तर सगळं निघालं असतं. थोरला म्हणाला, वाट आधी उघडली असती तर माझी वांगी वाचली असती. दोघंही खरं बोलत होते, म्हणून मिटलं नाही.

नव्या हंगामात धाकट्यानं पुन्हा करडईच पेरली. ही समोर दिसते ती. पण पेरायच्या आधी आईला रानात उभी केली, हात अंगाला लावून, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी खुंट्या ठोकल्या. तेवढी वाट सोडली. थोरल्यानं थोरलीकरवी निरोप पाठवला, गाडी कशी जाईल? धाकट्यानं उलट निरोप दिला, गाडी काय माझी आई आहे? तिकडं थोरल्यानं झाकणाची एक फळी काढून ठेवलीय. एक बादली जाईल एवढी. पाणी भरपूर आहे यंदा, तरी तेवढीच.

म्हातारीची टाच पिकली होती. फोडावी लागली, अजून भरली नाही. जाते-येते, पण दर चार पावलांना थांबते. एका महिन्याला तिकडं, एका महिन्याला इकडं, पाळी चुकवत नाही. आत्ता थोरल्याकडं आहे.

हां, ही घे तुझी चप्पल. ओढून बघ. आता पट्टा जाईल पण जोड जाणार नाही. पैसे ठेव खिशात, त्याऐवजी माझं एक काम कर.

हे दोन जोड बघ. पायतणं. घोट्याच्या वरपर्यंत कातडं, टाचेला दुहेरी तळ, आतून मऊ. एक थोरल्यानं करायला सांगितला. दबक्या आवाजात म्हणाला, म्हातारीच्या मापाचा कर, त्याला कळू देऊ नको. दुसऱ्याच दिवशी धाकटा आला, तोच आवाज, तेच माप. जाताना म्हणाला, त्यानं काही सांगितलं असेल तर त्याच्यापेक्षा जाड कर. आता मी दोन जोड करून बसलोय, आणि पाय दोनच आहेत. मी नेले तर दोघं मला धरतील. तू वाटसरू आहेस, तुला कुणी विचारणार नाही.

उद्या पहाटे परतताना तुझा रस्ता इथूनच आहे ना? दव उडायच्या आत त्या वाटेनं आत जा, आणि दोन्ही जोड एकदमच म्हातारीच्या पुढ्यात ठेव. आधी एक, मग एक, असं करू नकोस, नाही तर पुढचं भांडण तुझ्या नावावर. कुठला कुणाचा ते तिनं विचारलं तर सांग, मोच्यानं सांगितलं नाही. आणि ती पायात घालायला लागली की तोंड फिरव आणि नीघ. डाव्या पायात कुठला, उजव्या पायात कुठला, ते बघू नकोस. चुकून दिसलंच, तर मला तरी येऊन सांगू नकोस.